कागद आधी, बॉनेट नंतर

कडुबा हिवराळे यांनी दोन वर्षांत बेचाळीस जुन्या गाड्या पाहिल्या आणि एकही घेतली नाही. लोकांना वाटायचं, माणूस भलताच चोखंदळ आहे. चोखंदळ ते होतेच. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं त्यांनी बसगाड्या आरटीओच्या पासिंगसाठी तयार केल्या होत्या, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली बस नापास होऊन परत आली असं कधी झालं नव्हतं. पण गाडी न घेण्याचं कारण ते नव्हतं. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना गाडी नकोच होती, त्यांना फक्त रविवार घालवायचा होता.

सुरुवात मात्र प्रामाणिक होती. रिटायर झाल्यावर गाडी घ्यायची, हे त्यांनी आणि बायकोनं, मालनबाईंनी, मिळून ठरवलं होतं. मालनबाईंची अट एवढीच, की मी पुढच्या सीटवर बसणार आणि थांबवा म्हटलं की थांबवायची. जन्मभर एसटीनं फिरलेल्या बाईला ही फार मोठी चैन वाटत होती. कडुबा रिटायर झाले त्याच साली त्या गेल्या. मुलगी विशाखा नागपुरात बँकेत होती. तिनं बापाला तिकडं नेऊन पाहिलं, पण पंधरा दिवसांत ते परत सिडकोतल्या आपल्या दोन खोल्यांत आले. तिथं आठवड्याचे सहा दिवस कसेबसे ढकलता येत. भाजी असे, पेपर असे, संध्याकाळी विहारात वंदना असे. रविवारी मात्र सगळ्या बिल्डिंगमध्ये पाहुणे यायचे, जिन्यात चपलांचे ढीग पडायचे, आणि कडुबांच्या दारासमोर त्यांचा एकच जोड.

पहिली गाडी पाहायला ते घ्यायच्या इराद्यानंच गेले होते. गाडी तळातून गंजलेली निघाली. पण ते कळेपर्यंत तीन तास गेले. तेवढ्या वेळात त्या घरच्यांनी पोहे दिले, दोनदा चहा दिला, आणि मालकानं गाडी कुठं कुठं नेली ते सगळं सांगून टाकलं. परतताना कडुबांच्या लक्षात आलं, की आज आपण सकाळपासून बोलतोय. पुढच्या रविवारी त्यांनी दुसरी गाडी शोधली.

त्यांची एक पद्धत होती आणि ती वर्कशॉपातूनच आलेली होती. कागद आधी, बॉनेट नंतर. गाडीला हात लावण्याआधी ते आरसी, इन्शुरन्स, पीयूसीच्या चिठ्ठ्या, सर्व्हिसची बिलं, जे असेल ते मागून घेत आणि फरशीवर तारखेनं ओळीत मांडत. मग एकेक उचलून विचारत. ही पीयूसी बीडची कशी? हा आरसा कुठं फुटला? विकणाऱ्याला आधी वैताग येई, मग आठवायला लागे, मग तो बायकोला हाक मारी. मग काय विचारता! गाडीच्या निमित्तानं घरातली जुनी भांडणंसुद्धा बाहेर पडत. कडुबा मांडी घालून ऐकत बसत. शेवटी बॉनेट उघडत, दोष दाखवत आणि नमस्कार करून निघत. जुन्या गाडीत दोष सापडणार नाही असं होत नाही, आणि त्याच भरवशावर त्यांचा हा उद्योग चालला होता. फुकटचा चहा पिणारा म्हणून त्यांच्यावर रागवायचं तर खुशाल रागवा. पण त्यांनी काढलेला दोष दर वेळी खरा असे, आणि तो दुरुस्त कसा करायचा तेही ते सांगून येत.

त्रेचाळिसावी गाडी जैतुनबींची होती.

शहागंजच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर. नवरा फारूखभाई, त्यांचं गुलमंडीत लेस, बटणं आणि अस्तराच्या कापडाचं दुकान होतं. ते मागच्या पावसाळ्यात वारले. दुकान दुसऱ्याला गेलं, आणि हैदराबादला असलेला मुलगा वासिफ जानेवारीच्या शेवटी आईला घेऊन जाणार होता. राहिली होती ती अंगणातली पांढरी वॅगनआर, सन दोन हजार अकराची. फेब्रुवारीत तिला पंधरा वर्षं पुरी होत होती, म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा पासिंग. त्याआधी ती विकून टाकावी असं वासिफचं म्हणणं होतं.

कडुबांनी पहिल्याच रविवारी रिवाजाप्रमाणे विचारलं, कागद आहेत का? जैतुनबींनी उलट विचारलं, किती पाहिजेत? आणि आतून दुकानाची कापडी पिशवी आणून फरशीवर पालथी केली. फारूखभाईंनी पंधरा वर्षांत एक चिठ्ठी फेकली नव्हती. एकशेचाळीसच्या वर कागद निघाले. तो ढीग बघून दुसरा कुणी गार पडला असता. कडुबांना आतून इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी चष्मा काढून पुसला. हे एका रविवारचं काम नव्हतं.

दार सताड उघडं ठेवून जैतुनबी समोर बाजेवर बसायच्या आणि कडुबा खाली कागदांत. कन्नडची एक पीयूसी निघाली, तर ती जैतुनबींच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाची. लग्नाला उशीर होत होता आणि नेमकं कन्नडला पोलिसांनी पीयूसी नाही म्हणून धरलं होतं. एका टायरचं बिल निघालं. ते वेरूळच्या रस्त्यावरचं. टायर फुटला तेव्हा फारूखभाईंना पाना कसा धरायचा तेही येत नव्हतं. शेवटी लेणी बघायला आलेल्या कुठल्याशा मद्रासी माणसानं चाक बदलून दिलं आणि फारूखभाईंनी त्याला गाडीतली अर्धा डझन बटणांची पाकिटं भेट दिली. हे सांगताना जैतुनबी पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, वासिफजवळ अब्बांचं नाव काढलं की तो फोन ठेवून देतो, त्याला सहन होत नाही. म्हणून त्या कुणाजवळच काढत नव्हत्या. गाडीच्या बिलांनी त्यांना बोलतं केलं होतं.

पहिल्या रविवारी ते दोन हजार चौदापर्यंत आले, दुसऱ्या रविवारी सतरापर्यंत. दुसऱ्या रविवारी आणखी एक गोष्ट घडली. जैतुनबींनी सहज विचारलं, घरचे कुणी गाडी बघायला नाही आले? आणि कडुबांनी पुढच्या सीटची गोष्ट सांगितली. मालनबाई गेल्यापासून तीन वर्षांत ती त्यांनी कुणालाही, अगदी विशाखालाही सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. एवढं बोलून बसलेलं घर आता सुटणार कसं? कागद तर कधीतरी संपणारच होते. कागद संपले की बॉनेट उघडावं लागणार, बॉनेट उघडलं की हो किंवा नाही म्हणावं लागणार, आणि काहीही म्हटलं तरी इथं यायचं कारण संपणार.

तिसऱ्या रविवारी नाही म्हणायचं कारण त्यांच्या हातातच आलं.

जैतुनबी आत चहा टाकायला गेल्या होत्या. कडुबांनी दोन हजार अठराची दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली. फेब्रुवारीच्या सर्व्हिसला मीटरवर चौऱ्याहत्तर हजार दोनशे किलोमीटर. ऑगस्टच्या सर्व्हिसला एकावन्न हजार आठशे. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. आकडे तेच होते. सहा महिन्यांत गाडी बावीस हजार किलोमीटर उलटी कशी चालेल? जुन्या गाड्यांच्या बाजारात याचा एकच अर्थ असतो, आणि तो अर्थ कडुबांनी बेचाळीसपैकी निदान दहा घरांत मालकाच्या तोंडावर सांगितला होता. मीटर मागं फिरवलंय.

त्यांना वाईट वाटलं. गेले दोन आठवडे ज्या फारूखभाईंच्या गोष्टी ऐकून ते एकटे असताना सिडकोतल्या घरात हसत होते, तो माणूस असा निघाला. आणि गंमत बघा, बेचाळीस गाड्यांत ज्या दोषाची ते वाट बघायचे तोच आता त्यांना नको झाला होता. सांगितला तर ही बाई काय म्हणेल? आणि सांगितल्यावर आपल्याला उठावं लागेल. उठून कुठं जायचं?

जैतुनबी चहा घेऊन आल्या. कडुबांनी ऑगस्टचं बिल अलगद फेब्रुवारीच्या खाली सरकवलं आणि एकोणीस सालचा कागद उचलून विचारलं, हे काचेचं काय? जैतुनबी काचेची गोष्ट सांगू लागल्या. एकतीस वर्षांत त्या माणसानं एका बसची खोटी चिठ्ठी लिहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी चहाचे दोन कप घेतले.

चौथ्या रविवारी अंगणात एक मोटारसायकल उभी होती आणि घरात, फरशीवर मांडून ठेवलेल्या कागदांपलीकडे, एक जोडपं बसलं होतं. अतुल आणि मोनिका. तो वाळूजच्या एका कंपनीत कामाला होता. मोनिकाच्या मांडीवर आठ महिन्यांची मुलगी होती. मोनिकाचं माहेर कन्नड, तिकडं आई अंथरुणाला खिळलेली, आणि दर आठवड्याला तान्ह्या पोरीला घेऊन जीपमध्ये दाटीवाटीनं जाणं तिला जमत नव्हतं. त्यांना गाडी खरोखर हवी होती.

जैतुनबी कडुबांना दारातच म्हणाल्या, "भाईसाब, ह्या लोकांचे दोनदा फोन येऊन गेले. मी म्हणले, एक साहेब बघायलेत, थांबा. आता तुमीच सांगा. घेता का तुमी? पहिला हक तुमचा आहे."

म्हणजे आपल्यासाठी या बाईनं गिऱ्हाईक दोनदा परत लावलं होतं. कडुबांत हो म्हणायची हिंमत नव्हती आणि नाही म्हणायचीही नव्हती.

"त्यांना बघू द्या, भाभी," ते म्हणाले.

हे गाडी घेणार नाहीत, अशी जैतुनबींनी मनाची समजूत घातली असावी. त्या जोडप्याकडे वळून त्यांनी कडुबांची ओळख करून दिली. एसटीत होते, पासिंगचं काम करायचे, यांनी महिनाभर एकेक कागद पाहिलाय. मला गाडीतलं काही कळत नाही, जे विचारायचं ते यांना विचारा, हा माणूस खोटं बोलणार नाही. हे त्या इतक्या भरवशानं बोलल्या, की कडुबांना फरशीकडे बघावं लागलं.

अतुल हुशार पोरगा होता. त्यानं इंजिन, बॅटरी असलं काही विचारलं नाही. "काका, किलोमीटर खरे आहेत का, तेवढंच सांगा," तो म्हणाला.

मोनिकाची मुलगी एका पीयूसीच्या चिठ्ठीकडे हात करत होती. कडुबांनी तिच्याकडे पाहिलं. या पोरीला घेऊन हे दोघं या गाडीतून दर आठवड्याला कन्नडला जाणार. मग मात्र त्यांच्यातला वर्कशॉपचा माणूस जागा झाला.

"नाहीत," ते म्हणाले. "अठरा साली मीटर मागं फिरवलंय. बावीस हजारानं."

"कुणी?" जैतुनबींनी विचारलं.

कडुबांनी दोन्ही बिलं काढून जैतुनबींच्या हातात दिली. जैतुनबींनी ती उजेडात धरून वाचली. पुन्हा वाचली. त्यांना राग आलेला दिसला नाही. आठवायला लागल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसाच तो झाला, आणि बाकीच्या एकशेचाळीस कागदांची सांगितली तशी त्यांनी याचीही गोष्ट सांगितली.

त्या उन्हाळ्यात गाडी गुलमंडीला दुकानाच्या मागं गोदामापाशी उभी असायची. तिथं उंदीर फार. त्यांनी वायरी कुरतडल्या आणि मीटर बंदच पडलं. नवीन महाग होतं. फारूखभाईंचा लहानपणचा एक दोस्त मेकॅनिक होता. त्यानं भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचं मीटर आणून बसवलं आणि एक रुपया घेतला नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून बिल नाही, आणि बिल नाही म्हणून पिशवीत कागद नाही. फारूखभाई तर वैतागले होते, की माझी गाडी एवढी चालली आणि दिसते कमी, उद्या कुणी मला बेइमान म्हणेल.

कडुबा उठले, अंगणात गेले आणि त्यांनी चार रविवारांत पहिल्यांदा त्या गाडीचं दार उघडलं. स्टिअरिंगमागं पाहिलं. या साध्या मॉडेलला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा येत नाही. इथं तो होता. मीटर वरच्या मॉडेलच्या गाडीतलं होतं. खाली हात घालून चाचपलं तर वायरींना जोड दिलेला आणि त्यावर काळी टेप गुंडाळलेली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. मोडीत काढलेल्या बसचं मीटर चालू बसला बसवायचं काम त्यांनी स्वतः शेकड्यांनी केलं होतं. वर्कशॉपात त्याची लाल शाईनं नोंद व्हायची, म्हणून त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. इथं नोंद ठेवायला कुणी नव्हतं, पण विचारलं असतं तर सांगायला एक बाई समोरच बसली होती.

आत येऊन त्यांनी अतुलला स्पष्ट सांगितलं. भाभी म्हणतात ते खरं आहे, मीटर बदललेलं आहे. आता दिसतात त्यात, मीटर बंद होतं तेवढ्या दिवसांचे धरून, साधारण तेवीस हजार मिळवा, म्हणजे गाडी लाखाच्या थोडी वर चाललेली आहे. मग त्यांनी बॉनेट उघडून इंजिन ऐकलं, खाली वाकून तळ पाहिला आणि गाडी घ्या म्हणून सांगितलं. अतुलनं थोडी घासाघीस केली, व्यवहार ठरला. पासिंगच्या दिवशी मी बरोबर येतो, तिथली माणसं माझ्या ओळखीची आहेत, असं कडुबा म्हणाले. अतुल म्हणाला, बघू काका, करतो फोन. नंबर मात्र त्यानं घेतला नाही. त्याला आरसी आणि इन्शुरन्स हवं होतं, बाकीचे कागद त्यानं राहू द्या म्हटलं. मोटारसायकल गल्लीबाहेर गेली.

फरशीवर पंधरा वर्षं ओळीत मांडलेली होती. जैतुनबी वाकून एकेक कागद गोळा करू लागल्या. कडुबा मदतीला पुढं झाले, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"तुमाला हे कधी दिसलं?"

"मागच्या रविवारी."

"मग मागच्याच रविवारी का नाय विचारलं?"

कडुबांनी मग सगळंच सांगितलं. बेचाळीस गाड्या सांगितल्या. गाडी कधीच घ्यायची नव्हती तेही सांगितलं. "दोष सांगितला की मला उठावं लागतं, भाभी," ते म्हणाले. "मला इथून उठायचं नव्हतं."

जैतुनबींनी हातातले कागद बाजेवर ठेवले. "दीडशे कागदांचं विचारलं तुमी," त्या म्हणाल्या. "टायरचं विचारलं, काचंचं विचारलं. ज्यानं वासिफचे अब्बा चोर ठरत होते, तेवढ्या एकाचंच नाय विचारलं. आठ दिवस तुमी त्यांना चोर समजून ऱ्हायले. आणि मी त्या दिवशी तुमाला त्यांच्या गोष्टी सांगत बसले."

चुकलं, एवढंच कडुबा म्हणाले, आणि तेही नीट ऐकू जाईल असं त्यांना म्हणता आलं नाही. त्यांना खरंच रडू येत होतं. चपलांकडे जावं म्हणून ते वळले, तर जैतुनबी आत गेल्या आणि स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्या एकच कप घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुमी नुसतं दारात येऊन म्हणले असते ना, की घरी कुणी नाय, घडीभर बसायला आलो, तरी मी चाय दिली असती. त्याला गाडी कशाला लागती?"

त्या कागदांची पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेल्या. तिथं पेट्या बांधायचं काम पडलं होतं, त्याचा खडखडाट येऊ लागला. कडुबा चहा पीत बसले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण समोरची फरशी आता रिकामी होती आणि हातात कागद नसताना बोलणं कुठून सुरू करायचं ते त्यांना सुचेना. त्यांनी कप मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला आणि चपला पायात सरकवल्या. येतो, भाभी, असं ते दारातून म्हणाले. आतला खडखडाट चालूच राहिला.